शेवट जरा घाईत उरकलास

“ब्लॉग बंद करतेय मी,” सुनेने कांदा चिरता चिरता जाहीर केलं. डोळ्यांतल्या पाण्याचा आळ कांद्यावर घालता येईल, एवढी सोय तिने बघितली होती.

“बघ बुवा, तुझी मर्जी,” नवरा म्हणाला आणि न लागणाऱ्या डब्याच्या झाकणाशी झटापट करत राहिला. खिडकीजवळच्या खुर्चीत सासरे, म्हणजे आप्पा, बसले होते.

ब्लॉगचं नाव ‘रफू’. फाटलेलं, तुटलेलं, उसवलेलं घरच्या घरी कसं सांधायचं, यावर ती लिहायची. नोकरी सुटल्यापासून स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि आता तेही आटलं होतं. सकाळी ती संगणक उघडायची, एक ओळ लिहायची, पुसायची. मग टेबल पुसायची. मग टेबलाचे पायसुद्धा. घर लख्ख झालं, पान कोरंच राहिलं. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केस विंचरायचाही कंटाळा यायचा. आपण आता कशाच्याच कामाच्या नाही, असं तिला अगदी मनापासून वाटू लागलं होतं.

नवरा कामावर गेल्यावर आप्पांनी हाक मारली.

“बंद कर खुशाल, पोरी. पण मग मी वाचायचं काय?”

“तुम्ही वाचता?” ती चाट पडली.

“गुपचूप वाचतो, फोनवर. त्या छत्रीच्या काडीचं फर्मास होतं. फक्त शेवट जरा घाईत उरकलास.”

काडी बसवताना छत्रीचं दुसरं टोक आप्पांनीच धरलं होतं. तेव्हा तोंडातून अवाक्षर नाही, आणि आता टीका! तिला रागच आला. त्या रागातच तिने जुना लेख उघडला. शेवट खरोखरच घाईत उरकला होता. ती तो नीट करायला बसली आणि भाजी गॅसवर करपली तेव्हाच उठली.

त्यानंतरच्या आठवड्यात आप्पांच्या स्वेटरचं कोपर फाटलं. ती रफू करायला बसली तसे ते शेजारी येऊन टेकले.

“बोलत बोलत कर,” ते म्हणाले. “तेवढीच मलाही करमणूक.”

तिने एकेक टाका सांगत सांगत घातला. झाल्यावर आप्पांनी रफूवरून बोटं फिरवली आणि मान डोलावली. रात्रीच्या जेवणाआधी तिने लेख टाकला आणि फोनवर उघडून त्यांच्या हातात दिला. आप्पांनी फोन नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

“कोपर छान जमलंय,” ते शेवटी म्हणाले. “पण सुरुवातीला किती पाल्हाळ लावतेस!”

तिने पाहिलं. लोकरीचं पुराण संपून सुई हातात यायला दोन परिच्छेद जात होते. तिने ते उडवले. लेख एकदम चालू लागला.

मग हे रोजचंच झालं. ती काहीतरी सांधायची, बडबडत सांधायची, लिहायची, आप्पा एखादी खोट काढायचे, आणि शोधायला गेलं की ती खोट तिथे सापडायचीच. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण नजर अशी! एकदा ती चहा घेऊन आली, तर आप्पा फोन धरून बसलेले आणि पडदा केव्हाच विझलेला. वाचून झालं, आता विचार चाललाय, हे तिने ओळखलं आणि न बोलता कप त्यांच्या हातात दिला.

“वर्तमानपत्राला हात लावत नाहीत आणि तुझं मात्र अक्षर न् अक्षर वाचतात,” नवरा म्हणाला. “मस्का तरी कसला लावतेस?”

जुने वाचक परतले, नवे आले. ती केस विंचरू लागली, कामात गुणगुणू लागली. आपल्याला वाचणारं घरातच एक माणूस आहे, या एवढ्या आधारावर ती पुन्हा उभी राहिली होती.

आणि मग आप्पा स्वतःच्या चष्म्यावर बसले. त्याची एक दांडी आधीच दोऱ्याने बांधलेली होती, आता दुसरीही गेली.

“हा सांधायचा नाही. नवा करायचा,” ती म्हणाली.

“असू दे गं. चष्म्यावाचून माझं काही अडत नाही.”

“एवढं वाचता आणि म्हणे अडत नाही! उठा.”

आप्पांनी तो रफू केलेला स्वेटर चढवला आणि तिच्या कोपराला धरून निघाले.

डोळ्यांची तपासणी लांबली. बाहेर बाकावर बसून तिने चष्म्याच्या दांडीवरचा लेख मनात जवळजवळ पुरा केला. शेवट तर अगदी सावकाश केला, आप्पांना बोलायला जागाच नको. मग आतून बोलावणं आलं.

“नंबर जरा नीट बघून द्या हं, डॉक्टर,” ती कौतुकाने म्हणाली. “फार वाचतात हो आमचे आप्पा.”

डॉक्टरीणबाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली.

“हे वाचतात?” बाईंनी विचारलं. “अहो, यांना माणसं, दारं-खिडक्या नुसत्या सावल्यांसारख्या दिसतात. पण अक्षर? गेली दोन वर्षं तरी यांना एकही अक्षर दिसलेलं नाही.”