दोघांपुरती गाडी

बसायला इतकं वाकावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. एक हात दाराच्या कडेवर आणि दुसरा बायकोच्या खांद्यावर ठेवून तो कसाबसा त्या लाल गाडीत उतरला. उतरलाच म्हणायचं, कारण सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली होती. या माणसाने उभी हयात बस चालवली होती, रस्ता कायम वरून पाहिला होता. आता बाजूने गेलेल्या सायकलचं चाक नाकासमोरून गेलं आणि तो हसला.

"अगं, इथून जग केवढं मोठं दिसतंय बघ!"

गॅरेजवाला फडक्याला हात पुसत उभा होता. गाडी जुनी होती. दोनच सीटा, कापडी छत, बॉनेटवरचा रंग उन्हाने विटलेला.

"पळालीय भरपूर, काका. तीन लाख किलोमीटरच्या वर," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? म्हणून तर एवढ्या स्वस्तात मिळतेय. इंजिन मी स्वतः उघडून बघितलंय, चोख आहे. पण स्पोर्ट्‌स कार म्हटली की लाड आले. एखादा पार्ट गेला तर महिनाभर वाट बघायची तयारी ठेवा."

"म्हणजे घ्यायला स्वस्त, पोसायला हत्ती."

"तसंच काहीसं. पण चार-पाच वर्षं बघायला नको, काका. पुढचं पुढे."

बायकोने मान वळवली आणि भिंतीला टेकवलेल्या जुन्या टायरांकडे बघत राहिली.

त्याने चावी फिरवली. गाडी आधी खोकली, मग पोटातून गुरगुरली. तो आवाज सीटमधून त्याच्या पाठीत चढला. सदरा हल्ली त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा, पण चेहरा एकदम भरल्यासारखा झाला. किती वर्षं तो म्हणत आला होता, मला अशी गाडी हवी, जिच्यात 'जरा सरकून घ्या' म्हणायला तिसरा माणूसच नसेल. आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, आधी गळकं छप्पर बघा. छप्पर झालं तेव्हा लेकीची फी आली. फी संपली तेव्हा आणखी काही. चपलांच्या जोडीवरून दुकानदाराला घाम फोडणारी बाई ती. तिच्यापुढे असल्या हौशीचा काय निभाव लागणार?

आजही तो तयारीनेच आला होता. ती काय काय म्हणेल ते त्याला पाठ होतं, म्हणून त्याने स्वतःच सुरुवात केली.

"छत फाटलंय बघ एका बाजूला. डिकीत एक पिशवी मावली तर नशीब. आणि लेक आली नातवाला घेऊन, तर त्यांना बसवायचं कुठे? टपावर?"

"घेऊ या," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी घेऊ या म्हटलं. ते सांगतायत तो भाव ठीक आहे."

गॅरेजवाल्याचा पुसणारा हात थांबला. घासाघीस होणार हे धरूनच त्याने भाव सांगितला होता. आता तो कानकोंडा होऊन उगाच फडकं झटकू लागला.

सीटवर बसल्याबसल्या नवऱ्याने इंजिन बंद केलं. आत कुठेतरी कुणी पत्रा ठोकत होतं, तेवढाच आवाज उरला. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

मागच्या आठवड्यात त्याला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी तिला एकटीला आत थांबवून घेतलं होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, "अशक्तपणा आहे. टॉनिक दिलंय." त्याने मान डोलावली होती. विश्वासही ठेवला होता, कारण सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"ये, बस इकडे," तो म्हणाला.

ती पलीकडून येऊन शेजारच्या सीटवर बसली. गुडघे छातीशी आले. इतकी वर्षं त्याच्या बसमध्ये ती चढायची ती मागच्या दाराने, आणि बसायची मिळेल तिथे. त्याच्या शेजारी बसायला तिथे जागाच नसायची.

"म्हणजे अशक्तपणा नाही तर," तो हळूच म्हणाला.

तिची नजर गिअरच्या दांड्यावर खिळली होती, ती तिथून हलेना.

"राहू दे. आज नको सांगूस." त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. त्याच्या तळव्याला स्टिअरिंगचे घट्टे अजून तसेच होते. "गाडी घेऊ. पण अशी नको. आधी जा, त्याच्याशी भांड. नेहमी भांडतेस तशी. तू भांडली नाहीस की मला भीती वाटते गं."

ती दाराला धरून उठली, तळव्याने तोंड पुसलं आणि गॅरेजवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय हो, हे टायर आहेत की झिजून गुळगुळीत झालेली खोडरबरं?"

"काकू, पण तुम्हीच आत्ता..."

"आत्ताचं आत्ता झालं. ते छत बघा! चाळण परवडली. आणि दार? दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. एवढ्या पैशांत आम्ही काय फक्त आवाज विकत घ्यायचा?"

मध्येच तिचा आवाज चिरला. तिने तो खाकरून साफ केला आणि आणखी वर चढवला. गॅरेजवाला एकेक पाऊल मागे सरकत होता. आतली ठोकाठोक थांबली. काम टाकून एकजण डोकावून बघू लागला.

गाडीत तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, डोळे मिटून ऐकत होता.

गॅरेजवाल्याने हात जोडले. भाव उतरवला. नंतर आणखी उतरवला. गाडीतले दोष सगळे सांगून झाले, तरी ती थांबली नाही. तिने पुन्हा टायरांपासून सुरुवात केली.