उसनी होडी

दुसऱ्याच्या आयुष्यातून कथा घेणाऱ्याने त्याची भीतीही आपल्या शिरावर घ्यावी, हा धर्म कादंबरीकार इशबेलला त्या दिवशी कळला.

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील त्या गावात कोळणी तिच्या स्वयंपाकघरात जाळी विणायला बसत आणि ती त्यांना नवे प्रकरण वाचून दाखवी. आजच्या प्रकरणात होडी बुडत होती. 'हेदर' हे होडीचे नाव ऐकताच त्यांच्यातल्या किर्स्टीचा हात थांबला. तिचा नवरा गावातल्या खऱ्या 'हेदर'वरच होता आणि बाहेर वादळ घोंगावत होते.

"माणूस समुद्रावर असताना त्याची होडी बुडवतात का, बाई?" ती ताडकन उठली. "बुडवायला स्वतःची नव्हती वाटतं?"

तिच्यामागोमाग साऱ्याजणी निघून गेल्या.

स्वतःची होती. वडिलांना घेऊन 'रोवन' बुडाली, तेव्हापासून ते नाव इशबेलने ओठांवर आणले नव्हते. ती खिडकीपासून मेजापर्यंत येरझारा घालत राहिली. समुद्रावर शीड दिसेना. अखेर तिने 'हेदर' खोडून 'रोवन' लिहिले. मग सारे प्रकरणच नव्याने लिहावे लागले. बुडणाऱ्या माणसाचा आवाज आता तिच्या ओळखीचा होता.

सायंकाळी 'हेदर' धक्क्याला लागली. किर्स्टी दारात आली.

"मग कोणाची बुडवलीत?"

"माझ्या बाबांची."

किर्स्टी तिच्याशेजारी बसली आणि तिचा हात हाती घेऊन म्हणाली, "वाचा."

समुद्रावर गेलेल्यांना किनारा लाभो; आणि किनाऱ्यावर उरलेल्यांना असा एक हात.