विहिरीतला कॅव्हनसाइट

निरीक्षक तळेकरांनी वैजयंतीबाई सातवांना कपाट उघडायला लावलं, तेव्हा निम्मं गाव अंगणातल्या विहिरीभोवती जमलं होतं. खाणीच्या काळ्या दगडातून बाईंनी जन्मभर वेचलेले खडे कपाटात होते. पांढरे होते, हिरवट होते. निळा मात्र एकही नव्हता.

"कॅव्हनसाइट कुठाय?" तळेकरांनी विचारलं. त्या निळ्या खड्यानं विहिरींचं विषारी पाणी पिण्याजोगं होतं हे कळल्यापासून तो घरात ठेवणं गुन्हा ठरला होता. खडे फक्त पाणी विकणाऱ्या कंपनीनं ठेवायचे.

"सकाळीच विहिरीत सोडले. सगळे."

तळेकर चरकले. "अहो, परदेशातले संग्राहक तुमच्या दारी खेटे घालत होते! भिजला की त्याचे सुयांसारखे स्फटिक झडतात, मग त्याला कोण विचारतो?"

"ठाऊक आहे. मी त्या खड्यांवर कधी फुंकरसुद्धा मारली नाही." बाईंनी पदर खोचला. "विहीर जप्त करायचीय ना? करा. आधी या माणसांना हटवून दाखवा."

कुणीच हटलं नाही. शेजारच्या पारूबाईनं तळेकरांच्या डोळ्यांदेखत पोहरा विहिरीत सोडला.