दोघांची होडी

"एकट्याला हीच बरी," दुकानदार म्हणाला. "हलकी आहे, खांद्यावर टाकून न्याल."

ॲल्युमिनियमची अरुंद होडी दुकानासमोर उन्हात चमकत होती. नवरा वाकून तिच्या कडांवरून हात फिरवत होता आणि मी लेकीला कडेवर घेऊन बाजूला उभी होते.

आधी धरणात आम्ही दोघं जायचो. आम्हा भोयांमध्ये वल्हं बाई मारते आणि जाळं पुरुष टाकतो. लेक झाल्यापासून मात्र तो एकटाच जातो. आता होडीही एकट्याचीच घेतली, तर मी कायमची काठावर राहणार. विचारायचा धीर होत नव्हता; काय उत्तर येईल, याचीच भीती.

त्यानं होडीच्या तळाला तळहात लावला आणि चटका बसताच मागे घेतला. "ही नको. ती रुंद दाखवा. आन् तळात लाकडी फळ्या बसवून द्या."

"फळ्या कशाला? उगाच वजन वाढेल."

"मग लेकीला झोपवू कुठं? तुमच्या गल्ल्यावर?"

दुकानदार हसला आणि रुंद होडीचे गुण त्याला सांगू लागला.

"मला नका सांगू," नवरा म्हणाला. "मी नुसता जाळं टाकणारा. होडी चालवती ही. हिला विचारा."

त्यानं लेकीला माझ्याकडून घेतलं. "चढ की! आता लाजती होय?"

मी पदर खोचला, होडीत बसले आणि वल्हं दोनदा हवेतच मारून पाहिलं.

"बसायची फळी चार बोटं पुढं घ्या," मी दुकानदाराला म्हणाले. "माझे पाय टेकत नाहीत."