संदर्भ क्रमांक एक

"शाब्बास, मंजुश्री! याला म्हणतात लेख. सगळ्यांनी इकडं बघा रे."

टिळकवाडीतल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत केशव सरांनी मंजुश्रीचा लेख प्रोजेक्टरनं भिंतीवरच्या पडद्यावर लावला. कॉलेजच्या पोरांना इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायला शिकवायचं, हे सरांचं दर रविवारचं काम. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, दुसरं काय! या ज्ञानकोशात कुणीही लिहावं आणि कुणीही पुसावं. पण सरांचा धोशा एकच, छापील संदर्भ. संदर्भ नाही तर वाक्य नाही. बेळगावात मराठी टिकायची तर पुराव्यानं टिकेल, आरडाओरड्यानं नव्हे, असं ते म्हणत. माणूस वाईट नव्हे हो, नियमाला पक्का.

गेल्या महिन्यात मंजुश्रीचा हाच लेख त्यांनी स्वतःच्या हातानं उडवला होता. लेख होता वडगावच्या साड्यांवरच्या चिंचपानी काठाचा, आणि तो काठ हातमागावर विणणारे शेवटचे विणकर जोतिराम हावळ यांचा. जोतिराम म्हणजे तिचे वडील.

"हे सांगितलं कुणी तुला?" सरांनी तेव्हा विचारलं होतं.

"आप्पांनी."

"तोंडी चालत नाही गं. छापून आलेलं काहीतरी आण."

पोरगी खाली मान घालून बसली होती.

आज लेख परत आला होता, आणि आप्पांच्या नावापुढं संदर्भाचा बारका एकचा आकडा दिसत होता. सरांचा आनंद गगनात मावेना.

"बघा, मनावर घेतलं की होतं! आता या आकड्यावर टिचकी मारायची, की पुरावा आपसूक समोर येतो."

त्यांनी टिचकी मारली.

पडद्यावर वर्तमानपत्राचं पान उघडलं. कोपऱ्यात टोपी घातलेल्या माणसाचा फोटो. सर चष्मा सावरत खड्या आवाजात वाचायला लागले, "वडगाव : चिंचपानी काठ हातमागावर विणणारे शेवटचे विणकर जोतिराम नागोजी हावळ यांचे अल्पशा आजाराने..."

पुढचा शब्द त्यांना दिसला, आणि तोंडातून निघेना.

"अगं, कधी झालं हे?"

मंजुश्री उभी राहिली. रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं.

"परवाच बारावं झालं, सर."

"मग आज कशाला आलीस, बाळ?"

"लेख घालायचा हुता न्हवं." ती पडद्यावरच्या फोटोकडं बघत म्हणाली. "पयला लेख आप्पांनी मोबाइलवर बघितलेला. अख्ख्या गल्लीला दावत फिरले. तुमी पुसल्यावर रोज इचारायचे, आपलं काय चुकलं गं? मी म्हटलं, चुकलं काय न्हाय आप्पा, नुसतं छापून आल्यालं न्हाय."

सरांनी चष्मा काढून हातात धरला.

"बातमी माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं दिली, पेपरच्या हापिसात जाऊन. त्यो नुसतं 'विणकर' घालणार हुता. मी म्हटलं, काठाचं नाव घाल, शेवटचे म्हणून घाल. मीच सांगितलं सगळं."

वडगाव इथनं हाकेच्या अंतरावर. एकदा जाऊन त्या माणसाच्या मागासमोर बसावं, त्याच्यावर कुठंतरी काही छापून आणावं, हे सरांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पुसायला मात्र घरबसल्या जमलं होतं.

"आता कोण पुसणार न्हाय न्हवं, सर?"

"न्हाय गं पोरी. कोण पुसतंय?" पोरांना शुद्ध बोला म्हणून टोकणारे सर म्हणाले.

फोटोतल्या माणसाकडं त्यांना बघवेना. घाईघाईनं त्यांनी ते पान बंद केलं. मागं आजच्या धड्याचं पान उघडं होतं, त्यांनीच सकाळी तयार केलेलं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं : घरच्यांनी दिलेली बातमी पुरावा म्हणून धरू नये. असा मजकूर काढून टाकावा.

मंजुश्रीनं वाचायच्या आत सर उठले आणि पडद्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. अक्षरं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर वेडीवाकडी उमटली.

"सर, बाजूला व्हा की, दिसंना झालंय," मागनं कुणीतरी म्हणालं.

सर हलले नाहीत.