रेघेचं टोक

फरहाना वाचत असलेल्या पुस्तकातल्या पाचही चित्रांत येशूच्या आईची, मरियमची करंगळी सारखीच, किंचित आत वळलेली होती. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या इटालियन चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. जाणकारांनी त्याला या करंगळीवरून ओळखलं होतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या फरहानाला ही पद्धत तपासून पाहावीशी वाटली. तिचे पती कादिर बावीस वर्षं सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवत होते. नव्या नियमानुसार त्यांची जागा आता फैसल या सौदी पेंटरला द्यायची होती. पण "त्याचा हात अजून बसला नाही," असं कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला सांगत कादिरनी दापोलीला परतणं दोन वर्षं लांबवलं होतं.

संध्याकाळी बाजारातून चालताना फरहाना पाट्या ओळखू लागली. "ही तुमची. तीपण तुमची. नावाखालची रेघ शेवटी जराशी वर जाते."

"ब्रश उचलायची घाई, दुसरं काय!" कादिर हसले. "माझी खोड सापडायला पुस्तक लागलं होय गं तुला?"

"आणि ही नव्या बेकरीची. हीसुद्धा तुमचीच."

कादिर थांबले. मान वर करून रेघेच्या टोकाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"ही फैसलची आहे."

"मग पुस्तकातल्या त्या पाच चित्रांतली नक्की त्या चित्रकाराची किती?" फरहाना स्वतःशीच पुटपुटली.

कादिरचं तिकडे लक्ष नव्हतं.

"फरहाना," ते म्हणाले, "आपली परतीची तिकिटं काढ."