मागे कोण?

शिबिराच्या शिट्टीला नवी दोरी ओवत बाबांनी विचारलं, "उद्या येतेस? सोबत होईल."

"तुमच्या जंगलात माझं काय काम?" पुस्तक न मिटताच ती म्हणाली. त्या रात्री बाबा झोपेतच गेले.

महिन्याने, तीच शिट्टी गळ्यात घालून, ती अभयारण्यात मुलांच्या रांगेमागे, बाबांच्या जागी चालत होती. कुणी हरवू नये म्हणून त्यांनी रीत घालून दिली होती. वळणावर पुढून हाक येई, "मागे कोण?" शेवटच्याने उत्तर दिल्याशिवाय रांग हलत नसे.

हाक आली. ती बाबांच्या आवाजाची वाट पाहत राहिली.

"ताई, तुम्ही बोलायचं," पुढची मुलगी कुजबुजली. "नाहीतर आपण इथेच."

"मी आहे, चला."

रांग हलली. मग मागच्या रिकाम्या पायवाटेकडे वळून ती म्हणाली, "आले, बाबा."